धर्मादाय दौडीचा हिशेब अर्जावरच छापावा

संपादक महोदय,

थंडी पडू लागली की नाशिकमध्ये दौडींचे फलक लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर 'समाजकार्यासाठी' हा शब्द असतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका अर्धमॅरेथॉनमध्ये, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर, मी वडिलांच्या स्मरणार्थ धावलो. त्या अनुभवावरून आयोजकांकडे एक मागणी करावीशी वाटते.

वडील नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाल्यावर अखेरची तीन वर्षे त्यांचे डायलिसिस चालू होते, आठवड्यातून तीनदा आणि दर खेपेस चार तास. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचे एक गृहस्थ असत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे त्यांना उपचाराचे पैसे द्यावे लागत नसत. परंतु पहाटेच्या एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडणारा रोज आणि दुपारचे विकतचे जेवण हा भार घरावरच पडे. एका पावसाळ्यात गाडी चुकल्याने त्यांची पाळी हुकली आणि पुढच्या खेपेस ते सुजलेल्या पायांनी आले. त्या दिवशी घरी परतताना वडील मला म्हणाले, ''त्यांच्या भाड्याचं काहीतरी बघ.'' ते मी वडिलांच्या हयातीत बघितले नाही.

म्हणून वर्षश्राद्धानंतर दौडीत नाव नोंदवले आणि चार महिने देवळाली कॅम्पच्या रस्त्यांवर पहाटे सराव केला. छातीवरच्या क्रमांकाखाली वडिलांचे नाव लिहिलेली कापडी पट्टी पिनांनी लावली होती. पंधराव्या किलोमीटरपर्यंत घामाने तिची शाई शर्टावर उतरली होती. प्रवेशशुल्क ९०० रुपये होते आणि त्यात शर्ट, पदक, वेळ मोजणारी चिप, पाणी व शेवटी बशीभर उपमा मिळाला. यातले रुग्णांसाठी किती, असे विचारल्यावर ''सगळं चॅरिटीलाच जातं'' एवढे तोंडी उत्तर मिळाले, आणि लेखी विचारणेला तेवढेही नाही. शर्ट-पदकांना खर्च येतो हे कोणालाही समजते, तो सांगण्यात संकोच का वाटावा, हे मात्र कळत नाही.

खरी मदत उभी राहिली ती वडिलांच्या प्रेसमधल्या सहकाऱ्यांकडून. प्रत्येकाकडून किलोमीटरमागे ५० रुपये कबूल करून घेतले आणि ती रक्कम, माझ्या हाती न घेता, रुग्णांचे प्रवासभाडे देणाऱ्या एका नोंदणीकृत न्यासाकडे परस्पर भरायला लावली. प्रत्येकाला पावती मिळाली. एका काकांनी सतरा किलोमीटरचेच पैसे भरले, कारण ''पुढचं तू चाललास, मी पाहिलं''. (ते खरेच होते.)

आयोजकांनी प्रवेशअर्जावरच दोन गोष्टी छापाव्यात, अशी माझी मागणी आहे: शुल्कातील किती रुपये कोणत्या संस्थेला जाणार आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालील तिचा नोंदणी क्रमांक काय. दौडीनंतर महिनाभरात जमा-खर्चाचा तक्ताही प्रसिद्ध करावा. प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे, हेही धावणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवे. देणगीची वेगळी पावती असेल तरच, तेही जुनी करप्रणाली निवडलेल्यांना, आयकरात देणगीवरील सवलत मागता येते आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. कित्येक जण पदकासोबतच ती मिळते असे धरून चालतात.

येत्या हंगामात ज्या अर्जावर या दोन ओळी नसतील, तो मी भरणार नाही. वडिलांच्या नावाने धावायला देवळालीचा रस्ता आहे, आणि किलोमीटर मोजायला ते काकाही आहेत.

– एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड