हिमयुगाचा पुरावा गाळातही आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत हिमयुगाविषयी आलेला लेख आणि त्यावर नंतर छापून आलेले एका वाचकाचे पत्र, दोन्ही मी लक्षपूर्वक वाचले. लेखात ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बर्फाच्या गाभ्यांची (हिमस्तरांत खोलवर नळी घालून काढलेल्या लांब कांड्यांची) माहिती विस्ताराने होती; सागरतळाच्या गाळाच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली. पत्रलेखकांचा आक्षेप असा की, २१,००० वर्षांपूर्वी, म्हणजे शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, तापमापक घेऊन कोणी बसले नव्हते, तेव्हा अमुक ठिकाणी जंगल होते आणि तमुक ठिकाणी नुसते गवत होते असे सांगणे हा अंदाजपंचे प्रकार आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या एका ओळीतच होते, पण ती ओळ उलगडून सांगितली गेली नाही. गाळातील परागकण वेगळे करण्याचे व मोजण्याचे काम मी अनेक वर्षे केले असल्याने ती उलगडण्याचा प्रयत्न करते.

समुद्राच्या तळावर सतत काही ना काही उतरत असते. नद्यांनी आणलेली माती, वाऱ्याने उडवलेली धूळ, पृष्ठभागाजवळ जगून मेलेल्या सूक्ष्मजीवांची कवचे आणि किनाऱ्यापलीकडच्या झाडाझुडपांचे परागकण हे सारे थरावर थर साचत जाते. भर महासागरात हा वेग हजार वर्षांना एक-दोन सेंटीमीटर इतका मंद असतो. खंडांच्या उतारावर आणि मोठ्या नद्यांच्या मुखांसमोर तो वीस-तीस सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक असतो. पूर्वी जहाजावरून सोडलेली नळी तळात जेमतेम मीटर-दोन मीटर शिरत असे. १९४० च्या दशकात स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनी दट्ट्या असलेली नळी तयार केली आणि गाळाचे लांबच लांब गाभे, त्यांतील थरांचा क्रम न बिघडता, वर काढता येऊ लागले.

असा गाभा उभा चिरून त्यातील एका सेंटीमीटर जाडीचा तुकडा घेतला की त्याचे वाटे केले जातात. एक वाटा बारीक चाळणीवर पाण्याने धुतात. चिकणमाती वाहून जाते आणि वाळूसारखे पांढरे कण मागे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की ते फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे असल्याचे दिसते, काही द्राक्षांच्या घोसासारखी, काही गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली. ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती एकेक उचलून जातवार ठेवावी लागतात. दुसरा वाटा आम्लांत जातो. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडी जाते, हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू व माती विरघळते. हे दुसरे आम्ल काचही खाते, म्हणून त्या टप्प्यावर सारे काम प्लॅस्टिकच्या नळ्यांत आणि अतिशय जपून करावे लागते. एवढ्या माऱ्यातूनही परागकण शाबूत उरतात, कारण त्यांचे बाह्य आवरण स्पोरोपोलेनिन या विलक्षण चिवट पदार्थाचे असते. नमुन्यात सुरुवातीलाच लायकोपोडियम वनस्पतीचे ठरावीक संख्येचे बीजाणू मिसळलेले असतात. शेवटी त्यांतील किती दिसले यावरून मूळ गाळात परागकण किती होते याचा हिशेब लागतो. यात अंदाजपंचे काही नाही, मोजणी आहे, आणि ती दुसऱ्या कोणालाही पुन्हा करून पाहता येते.

कवचांची साक्ष कशी वाचायची, हे शास्त्रज्ञांनाही एका फटक्यात कळलेले नाही, आणि तो इतिहासच मला पत्रलेखकांपुढे ठेवावासा वाटतो. समुद्राच्या पाण्यात हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८ असे दोन्ही अणू असतात. बाष्पीभवनात हलका अणू अधिक सहज वर जातो, त्याचे हिम होऊन जमिनीवरच्या अजस्र हिमस्तरांत अडकते आणि मागे उरलेला समुद्र जड होतो. शिवाय पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजनचे प्रमाण आणखी वाढते. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये गाभ्यांतील, पृष्ठभागाजवळ जगणाऱ्या जीवांची कवचे मोजून हिमयुगे आणि उष्ण काळ यांची मालिका मांडली, तेव्हा या बदलाचा मोठा भाग तापमानाचा आहे असे त्यांना वाटले. १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन यांनी दाखवून दिले की तळाशी राहणाऱ्या जीवांच्या कवचांतही बदल जवळपास तेवढाच आहे. खोल समुद्राचे पाणी आजही गोठणबिंदूपासून फार दूर नाही, ते आणखी कितीसे थंड होणार? म्हणजे बदलाचा मोठा भाग बर्फाच्या साठ्याचा होता. पुढे १९९० च्या दशकात याची एक फार सुंदर पडताळणी झाली. गाळाच्या कणांच्या फटींत हिमयुगातले समुद्राचे पाणी अडकून राहिले होते. ते पिळून काढून त्यातील ऑक्सिजन थेट मोजण्यात आला आणि त्यावरून बर्फाचा वाटा किती व थंडीचा वाटा किती, हे वेगळे करता आले.

आता वनस्पतींकडे येते, कारण आक्षेप मुख्यतः त्यांच्यावर आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दूर, तीन किलोमीटरहून अधिक खोलीवरून, 'मारियाँ द्युफ्रेन' या फ्रेंच जहाजाने १९९५ मध्ये एक गाभा काढला. शॅकलटन यांनी त्यातील कवचे मोजली, तर मारिया फर्नांडा सांचेझ गोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील परागकण मोजले. हिमयुगात उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे लोंढे वेळोवेळी दक्षिणेकडे येत आणि वितळताना पोटातले खडकांचे कण तळावर टाकत. हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये वर्णिलेले हेच ते थर. पोर्तुगालसमोरच्या गाभ्यात या थरांच्या काळात ध्रुवीय पाण्यात वाढणारी, डावीकडे वळलेली कवचे वाढतात, आणि त्याच सेंटीमीटरात ओकचे परागकण जवळपास नाहीसे होऊन आर्टेमिसियासारख्या कोरड्या माळरानावरील झुडपांचे परागकण भरून येतात. पाणी पुन्हा ऊबदार झाल्याची खूण कवचांत दिसते, तेव्हा ओकही परततो.

या 'त्याच सेंटीमीटरात' या शब्दांवर सारे अवलंबून आहे. तलावातील परागकण आणि समुद्रातील कवचे यांची तुलना करायची तर दोन्हींचे वय स्वतंत्रपणे ठरवावे लागते, आणि वयात काही शे वर्षांची चूक झाली की आधी काय घडले व नंतर काय, हा वाद मिटत नाही. एकाच थरात जमीन आणि समुद्र दोघेही हजर असतील तर थराचे नेमके वय चुकले तरी घटनांचा क्रम चुकत नाही. बर्फाच्या गाभ्यांविषयी मला पूर्ण आदर आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड तेव्हा दशलक्ष भागांत सुमारे १८० ते १९० भाग इतका उतरला होता, हे त्यांच्यातच अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांनी सांगितले. पण जमिनीवरचे जंगल आणि समुद्राचे पाणी यांची गाठ एकाच नमुन्यात घालून देण्याचे काम गाळच करू शकतो.

या पुराव्याच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. चीडवर्गीय वृक्षांच्या परागकणांना हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे ते तरंगत दूरवर जातात आणि समुद्री गाळात त्यांची गर्दी होते. म्हणून बहुधा ते बेरजेतून वगळून टक्केवारी काढतात. तळावरचे किडे थर ढवळतात. ऑक्सिजन नसलेल्या तळांवर, उदाहरणार्थ व्हेनेझुएलासमोरच्या कारियाको खोऱ्यात, असे किडे नसल्याने थर वहीच्या पानांसारखे सुटे राहतात, पण अशा जागा थोड्या. समुद्री कवचांचे किरणोत्सर्गी कार्बनने काढलेले वय शेकडो वर्षांनी जास्त येते, ते दुरुस्त करावे लागते. गवतांचे परागकण एकमेकांसारखेच असतात, त्यावरून गवत कोणते हे ओळखता येत नाही. तेथे पानांवरच्या मेणाचे रेणू कामी येतात, कारण उष्ण प्रदेशातील गवतांच्या मेणातील कार्बनच्या समस्थानिकांचे (हलक्या व जड अणूंचे) प्रमाण झाडांच्या मेणाहून वेगळे असते. आणि झाडे कमी झाली म्हणजे पाऊसच कमी झाला असेही नसते: कार्बन डायऑक्साइड इतका उतरला असता झाडांची उपासमार होते आणि अशा गवतांचे फावते.

सर्वांत मोठा वाद महासागराच्या तापमानाचाच झाला. क्लायमॅप या प्रकल्पाने १९७६ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये गाळातील सूक्ष्मजीवांच्या कवचांवरून हिमयुगातील समुद्रपृष्ठाच्या तापमानाचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत उष्ण कटिबंधातील समुद्र फारसे थंड झाल्याचे दिसत नव्हते. त्याच कटिबंधातील उंच पर्वतांवर मात्र हिमरेषा शेकडो मीटर खाली उतरल्याचे आणि डोंगरमाथ्यावरील वनस्पती खालच्या उतारांवर आल्याचे जमिनीवरचे पुरावे सांगत होते. दोन्ही बरोबर असणे कठीण होते. शैवालांतील अल्कीनोन रेणू आणि कवचांतील मॅग्नेशियमचे प्रमाण अशी पाण्याचे तापमान सांगणारी नवी साधने हाती आल्यावर उष्ण समुद्रही काही अंशांनी थंड झाले होते असे दिसले आणि दोन पुराव्यांतील अंतर बरेच कमी झाले. निव्वळ अंदाज असता तर परागकण कवचांशी असे भांडू शकले नसते.

आपणांस एक विनंती आहे. हिमयुगातील वनस्पतींचा नकाशा पुरवणीत पुन्हा छापाल, तेव्हा प्रत्येक आकड्यासोबत तो कशावरून मोजला आणि त्यात किती कमी-जास्त होऊ शकते, हेही द्यावे. आणि ज्या ठिकाणांहून गाभे काढले ते बिंदू नकाशावर अवश्य दाखवावेत. दोन बिंदूंच्या मधला रंग गणिताने भरलेला असतो. तो भाग कोणता आणि प्रत्यक्ष मोजलेला कोणता, हे पाहिल्यावर शंका नेमकी कोठे घ्यावी, ते पत्रलेखकांना स्वतःच ठरवता येईल.

आपली,
परागकणशास्त्राची एक निवृत्त अभ्यासक