लेकराच्या हातात पेन देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला सहसा कोणी आभाराचं पत्र लिहीत नाही, लिहिल्या जातात त्या तक्रारी. म्हणून हे जाहीर लिहितोय. तुमचं नाव आणि गाव मुद्दाम गाळलंय, नाहीतर उद्या कोणीतरी 'आमचं आधी बघा' म्हणत तुमच्याच दारात भांडायला उभं राहायचं.

आमचं पंधरा वर्षांचं लेकरू सांगत होतं, एसटीच्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याच अक्षराची सावली दिसते, रात्री खांबावरच्या दिव्याला खाली शेपटं फुटतात, एका चंद्राचे तीन दिसतात. त्यावर मिळालेली उत्तरं ऐका. मोबाइल कमी कर. गाजर खा. दहावीचं टेन्शन घेतलंय त्यानं. चष्म्याच्या दुकानात दर खेपेला नवा नंबर, नवी काच, नवी पावती. सिलिंडर नंबर, म्हणजे तिरकस नजरेचा नंबर, चढतोय आणि त्याची दिशा म्हणजे अक्षही दरवेळी सरकतोय, हे कार्डावर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर होतं. असं का होतंय, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही. मोठ्या पाटीच्या एका दवाखान्यानं तर 'नाटकं करतोय' म्हणून मोकळं केलं.

तुम्ही केसपेपर उलटा केलात, त्याच्या हातात पेन दिलंत आणि मध्ये बोलणाऱ्या आम्हाला म्हणालात, "तुम्ही थांबा जरा, त्याला सांगू द्या." मग त्याला म्हणालात, "एक डोळा झाक, त्या बल्बकडे बघ आणि जसा दिसतो तसा काढ. चांगला नको काढू, खरा काढ." पोरानं एक गोल काढला, त्याच्या खाली दोन फिकट गोल, आणि कडेला खाली ओढल्यासारखी रेघ. दुसऱ्या डोळ्यानं काढलेल्या चित्रात सावली होती, पण एकच.

या साध्या कागदात केवढी तपासणी होती, ते इतर आईबापांसाठी सांगतो. दोन दोन दिसणं हे कोणताही एक डोळा झाकल्यावर थांबत असेल, तर दोष दोन्ही डोळ्यांच्या जुळणीत असतो, म्हणजे स्नायू किंवा नस. तसं एकाएकी सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पण एक डोळा झाकूनही सावली राहतेच, तर गडबड त्या उघड्या डोळ्याच्या आतच, बहुतेक वेळा पुढच्या पारदर्शक काचेत, म्हणजे कॉर्नियात, नाहीतर भिंगात. पुढे तुम्ही बारीक भोकाची पट्टी डोळ्यापुढे धरलीत आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळी तो वाचायला लागला. म्हणजे पडदा बरा आहे, प्रकाश वळवण्यातच घोळ आहे. अंधारात रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर तपासायचं यंत्र, फिरवल्यावर बाहुलीतली चमक कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करत होती. तेव्हा तुम्ही पोराला विचारलंत, "डोळे चोळतोस ना? कसा चोळतोस, दाखव." त्यानं बोटांची पेरं वळवून डोळ्यात गरगरा फिरवून दाखवली. आजाराचं नाव तुम्ही त्यानंतर घेतलंत: केराटोकोनस.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, साधारण 540 मायक्रॉन. या आजारात ती पातळ होत जाते आणि टोकासारखी पुढे येते. सुरुवात बहुधा वयात येताना होते आणि तिशीपर्यंत वाढ चालू राहू शकते. वय जितकं लहान तितका वेग जास्त. ॲलर्जीची खाज आणि त्यापायी डोळे चोळणं हे तिचं मोठं खतपाणी. आपल्या मराठवाड्यात कोरडं ऊन, धूळ, सोयाबीन-तुरीच्या मळणीचं भुसकट. पोरांचे डोळे लाल, आतून दोरीसारखा पांढरा चिकट स्राव, आणि खाज तर विचारू नका.

त्या खाजेवर मेडिकलवरून आणलेला ड्रॉप दोन दिवसांत आराम देतो, म्हणून घरोघरी तोच वर्षभर चालतो. डबीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा. ती स्टेरॉइडं आहेत. देखरेखीशिवाय महिनोन्महिने टाकली तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, कोवळ्या वयात मोतीबिंदूही. चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नसलेलं औषध 'हे घ्या, भारी आहे' म्हणत देणाऱ्यांना काय म्हणावं! तुम्ही सांगितलेला उपाय बिनखर्चाचा होता: खाज सुटली की थंड पाण्याची घडी, आणि रात्री पालथं झोपून उशीत डोळा दाबायचा नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं, ते लांबवत नाही. कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढला. कॉर्निया घट्ट करणारं क्रॉसलिंकिंग झालं: वरचा पातळ थर काढून अर्धा तास ब-2 जीवनसत्त्वाचे थेंब, मग ठरावीक वेळ अतिनील किरण. जुन्या पद्धतीत तेही अर्धा तास, हल्ली तीव्रता वाढवून कमी वेळातही करतात. नेहमीच्या पद्धतीला कॉर्निया किमान 400 मायक्रॉन जाड लागतो, म्हणून उशीर परवडत नाही. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच ठणकतो. आणि यानं नंबर जात नाही, वाढ थांबते, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे पट्टी निघाल्यावर 'अजून दिसत नाही' म्हणून घरात रडारड झाली नाही. नजर सुधारायला आता कडक कॉन्टॅक्ट लेन्स आहे. ती नळाच्या पाण्यानं धुवायची नाही, हे पोरगंच आता पाहुण्यांना ऐकवतं.

आपल्याकडे डोळा म्हटलं की मोतीबिंदूचं शिबिर. त्यात वाईट काही नाही, लाखो म्हाताऱ्यांना त्यानं दिसायला लागलं. पण पोरासोरांच्या डोळ्यांकडे तेवढ्या गांभीर्यानं बघणारे मोजकेच. शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, तिथेही 'एक डोळा झाकून दिवा कसा दिसतो' एवढं विचारलं तरी पुष्कळ होईल. माणूस समोर बसलाय तर त्याचं ऐकून घ्यावं, त्याला खोटं ठरवायची घाई करू नये, याला मशीन लागत नाही. ओपीडीत ही रांग, बाहेर पंखा बंद, आणि तुम्ही त्या चित्राकडे वहीतली बेरीज तपासावी तशा लक्ष देऊन बघत होता.

ताज्या नकाशात उजव्या डोळ्याचा वक्र आहे तिथेच आहे, डाव्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. घरात एकाला असेल तर भावंडांचेही डोळे बघावेत असं तुम्ही म्हणाला होता. धाकटीही हल्ली डोळे चोळते. तिला पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. चष्मा, जुनी कार्डं आणि घरातले सगळे ड्रॉप पिशवीत घालून आणतो, काय चालू ठेवायचं आणि काय फेकायचं ते तुम्हीच सांगा.

आपला,
एक पालक, परभणी जिल्हा