आजीचा काळा चष्मा आणि तुझी कादंबरी

बडोदे,
रविवार, सकाळ

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, माझ्या कपाटातलं ते एक्स-मेनचं पुस्तक, ती सुपरहिरोंच्या टोळीची कादंबरी, सांभाळून ठेवलंय ना?" आणि मी "असेल कुठेतरी" म्हणून विषय बदलला. खरं म्हणजे ते पुस्तक गेला दीड महिना तुझ्या आजीच्या उशाशी होतं. त्यावर हळदीचा एक डाग पडलाय. तो माझ्या नावावर टाक. फोनवर हे सांगितलं असतं तर तू हसत सुटली असतीस आणि पुढचं काही ऐकलंच नसतंस, म्हणून कागद घेतलाय.

आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस मिनिटांत आटपलं हे तुला माहीत आहे. त्रास सुरू झाला घरी आल्यावर. खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, बाहेर जाताना काळा चष्मा घालायचा (तुझी आजी तो घरातही काढेना), आणि वाचायच्या चष्म्याचा नवा नंबर महिन्याने मिळणार. आजीसारखी बाई, जी वर्तमानपत्रातल्या टेंडरच्या नोटिसाही सोडत नाही, तिला महिनाभर अक्षर दिसणार नाही! तिसऱ्या दिवशी ती तुझ्या आईशी डाळीत मीठ कमी आहे यावरून भांडली. चौथ्या दिवशी मीठ जास्त आहे यावरून.

म्हणून शनिवारी बँकेतून परस्पर मांडवीला गेलो, सेंट्रल लायब्ररीत. तुला लहानपणी तिथला काचेचा मजला दाखवला होता, आठवतं? पुस्तकांच्या लोखंडी घोड्यांच्या मधली काचेची जमीन. मी शाळेत असताना खाली उभा राहून वर चालणाऱ्यांच्या चपलांच्या सावल्या बघत बसायचो आणि पुस्तक घ्यायचं विसरून जायचो. मराठी कपाटापाशी उभा राहून मी आजीला फोनवर एकेक नाव वाचून दाखवलं. "वाचलंय." "हेही वाचलंय." "ते दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटलं." शेवटी रिकाम्या हाताने परत आलो.

त्या रात्री औषधाची वेळ झाली. दोन वेगळे थेंब घालायचे असतात आणि मध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. त्या पाच मिनिटांत आजी डोळे मिटून पडलेली आणि मी नुसता बसलेला. हाताशी तुझं कपाट होतं. वाटलं, इंग्रजीतून मराठीत सांगत सांगत दोन पानं वाचू, तेवढ्यात तिला झोप लागेल.

झोप नाही लागली. "थांब," म्हणाली, "हा मुलगा डोळ्यांवर चष्मा घालतो, आणि काढला तर काय होतं?"

मी म्हटलं, "डोळ्यांतून लाल किरण निघतो आणि समोरची भिंत फुटते. त्याला तो आवरता येत नाही. म्हणून लाल क्वार्ट्झचा चष्मा कायम लावून ठेवावा लागतो."

आजीने आपल्या काळ्या चष्म्याला हात लावला आणि म्हणाली, "वाच."

मनू, इथे तुला एक कबुली देतो. तू सातवी-आठवीत असताना या मंडळींबद्दल तासन् तास बोलायचीस आणि मी "हं, हं" करत हिशेब तपासायचो. मी वाढलो इंद्रजाल कॉमिक्सवर. आमचा नायक वेताळ. एकटा यायचा, ठोसा मारायचा, हनुवटीवर कवटीची खूण उमटवायचा आणि जंगलात निघून जायचा. पाच-सहा जणांनी मिळून एक काम करायचं म्हणजे मला ती नायकांची खोगीरभरती वाटायची. शिवाय या कादंबरीत चित्रं नाहीत. चित्रांशिवाय सुपरहिरो म्हणजे वाद्यांशिवाय वरात, असं माझं पक्कं मत होतं.

आणि मारामाऱ्यांपुरतं ते मत अजूनही तसंच आहे. कॉमिकमध्ये जे एका चौकटीत होतं त्याला इथे चार पानं लागतात. याने त्याला फेकलं, तो त्या भिंतीवर आदळला, तेवढ्यात तिसरा आला. दुसऱ्या आठवड्यात मी अशी पानं गाळायला लागलो. आजीचे डोळे मिटलेले, तिला काय कळणार! तर म्हणाली, "दोन पानं एकदम उलटलीस. आवाज आला."

सगळ्यात मोठी पंचाईत 'म्युटंट' या शब्दाची झाली. आधी शाळेतल्या पुस्तकातला 'उत्परिवर्ती' काढला. आजी म्हणाली, असले शब्द ऑफिसात वापर. मग सांगितलं की ही माणसं जन्मतःच काहीतरी वेगळं घेऊन येतात, मोठी होताना ते प्रकट होतं, आणि जगाला त्यांची भीती वाटते. तिने विचारलं, "म्हणजे शाप की वरदान?" मी म्हटलं, दोन्ही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "कर्णासारखं मग. कवचकुंडलं घेऊन आलेली पोरं." त्यानंतर आमच्या घरात म्युटंट हा शब्द बंद झाला. सगळे कवचकुंडलवाले.

नावंही बदलली. सायक्लॉप्स झाला चष्मेवाला. स्टॉर्म वादळबाई. व्हीलचेअरवरचे प्रोफेसर झेव्हियर नुसते मास्तर. वुल्वरिनची नखं कातडी फाडून बाहेर येतात हे ऐकल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "दर वेळी?" (१९७५ साली ही मंडळी नव्याने आली तेव्हा ती नखं हातमोज्यातली असावीत असंच वाचकांना वाटत होतं, आणि ती त्याच्या अंगातलीच आहेत हे १९७६ मध्ये उघड झालं, हे तूच मला सांगितलेलं. बघ, "हं, हं" करताना काही काही ऐकत होतो.) आणि निळ्या कातडीचा, शेपटीवाला नाइटक्रॉलर, त्याचं खरं नाव कर्ट. आजीने ऐकलं 'करंटा'. मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाली, "आई-बापांनी सोडलेलं, लोकांनी सैतान म्हणून पाठलाग केलेलं पोर, आणि तरी देवाचं नाव घेतो. करंटाच तो." तो एका जागी नाहीसा होऊन दुसऱ्या जागी उगवतो तेव्हा गंधकाचा वास मागे राहतो, हे तिला फार आवडलं. "दिवाळीच्या सकाळचा वास," म्हणाली. रोज विचारायची, करंटा आज आला का?

एका रात्री तिने विचारलं, "ही सगळी एकाच गावची का?" मग मला तुझ्या जुन्या व्याख्यानांतून आठवून सांगावं लागलं. कॉमिकमधला पहिला संच १९६३ चा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा, पाचही विद्यार्थी अमेरिकन. तो फारसा चालला नाही. १९७० नंतर पाच वर्षं जुनेच अंक पुन्हा छापून दिवस काढले. मग १९७५ मध्ये नवा संच आला: कर्ट जर्मनीचा, पोलादी अंगाचा पिओत्र सैबेरियातल्या सामूहिक शेतावरचा, वुल्वरिन कॅनडाचा, वादळबाई आफ्रिकेतून आलेली. आणि गाडी जी सुटली ती सुटलीच.

आजी म्हणाली, "सयाजीरावांनी हेच केलं की." आणि मोजायला लागली. चित्रं काढायला केरळचे रविवर्मा, गायला आग्र्याचे फैयाज खाँ, नाचायला तंजावरच्या कलावंतिणी, कॉलेजात शिकवायला बंगालचे अरविंद घोष. "आणि तुझ्या लायब्ररीसाठी तो अमेरिकेचा." तो म्हणजे बॉर्डन. महाराजांनी १९१० मध्ये त्याला बोलावून घेतलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला लावलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. आजीचे वडील नवसारीकडे शाळामास्तर होते. लहानपणी शाळेत आलेली तशी एक लाकडी पेटी तिला आठवते. कुलपाची किल्ली वडिलांच्या जानव्याला असायची आणि ते आंघोळ करताना आजी ती पळवायची.

त्या ओघात मला कमाटी बागेतलं झाड आठवलं. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले आणि याच गावाने त्यांना राहायला खोली दिली नाही. त्या झाडाखाली ते बसले होते. आपण दर रविवारी तिथून जायचो, तू छोट्या आगगाडीत बसायला हट्ट करायचीस. कवचकुंडलवाल्यांना घर भाड्याने मिळत नाही असं एक पान आलं आणि मी वाचता वाचता अडलो. पण तुझ्याशी वाद घालायला एक मुद्दा ठेवतो. कादंबरीतल्या लोकांच्या भीतीला निदान कारण तरी आहे, चष्मा घसरला तर खरंच भिंत फुटते. बाबासाहेबांमुळे कुणाचं काय फुटणार होतं? म्हणून हे रूपक मला तुझ्याइतकं पटत नाही. ते भिणाऱ्यांना थोडी सूट देतं. दिवाळीत आलीस की भांडू.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तिसऱ्या आठवड्यात वादळबाईचं प्रकरण आलं. आभाळ हलवणारी बाई, पण बंद जागेत तिचा जीव गुदमरतो. कैरोत लहानपणी घर कोसळून आई-बाप गेले आणि ती ढिगाऱ्याखाली आईच्या प्रेताशेजारी अडकून पडली होती. कादंबरीत तिला एका अंधाऱ्या बोगद्यातून सरपटत जायचं असतं. इथे मात्र मी माझे शब्द मागे घेतले. चित्रात तिचा घाबरलेला चेहरा दिसला असता, बस. इथे सहा पानं तुम्ही तिच्या छातीत बसलेले असता. तिला श्वास मोजावा लागतो. मागून येणारा करंटा काही विचारत नाही, नुसता बडबडत राहतो, फालतू विनोद करत, म्हणजे तिला कळावं की मागे कुणीतरी आहे. मी मराठी करता करता हळूहळू वाचत होतो, कारण मलाही घशाशी येत होतं.

दुसऱ्या थेंबाची वेळ टळून गेली होती. आजी म्हणाली, "मला तिथे अस्संच झालं होतं."

"कुठे?"

"टेबलावर. तोंडावर हिरवं कापड टाकतात ना. भोक फक्त डोळ्यापुरतं. नाक-तोंड सगळं झाकलेलं. हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. मला वाटलं, आपण संपलो."

मनू, आम्हाला ती म्हणाली होती, "काही कळलंसुद्धा नाही." तुलाही फोनवर तेच सांगितलं होतंन. मी बाहेर बाकावर बसून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "काय सांगायचं? चौऱ्याऐंशी वर्षांची बाई कापडाला भ्यायली म्हणून?" आणि मग लगेच, "ती बाहेर पडली का बोगद्यातून? ते वाच आधी."

ती बाहेर पडली. मी त्या रात्री कधी नव्हे ते दोन प्रकरणं वाचली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, एवढंच होतं तर आधी सांगायचं, कापड नाकावरून जरा वर उचलून धरता येतं आणि कुणीतरी हात धरून बोलत राहू शकतं. किती साधी गोष्ट! मी घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "बोलणारा करंटा पाहिजे पण. ती नर्स नको, ती सारखी घड्याळ बघते."

मागच्या सोमवारी नवा चष्मा आला. पहिलं वर्तमानपत्र उघडेल असं वाटलं होतं. तिने तुझं पुस्तक मागितलं. आत इंग्रजी, ती वाचणार नव्हतीच, तिला मुखपृष्ठ बघायचं होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला निळा रंग एकदम लख्ख दिसतो म्हणे, जुन्या भिंगावर पिवळी झाक चढलेली असते ना. एक डोळा झाकून बघायची, मग दुसरा. "हा करंटा. अगं बाई, केवढा निळा! या डोळ्याने मातकट दिसतोय बिचारा." वादळबाई ओळखली पांढऱ्या केसांवरून. नखवाला ओळखला. चष्मेवाल्यावर मात्र फार वेळ बोट ठेवून बसली. "हा तर अगदी पोरगा आहे रे. मला वाटलं पन्नाशीचा असेल. आणि याला सगळं लालच दिसत असणार. निळा करंटा याने कधी निळा बघितलाच नसेल."

हे तुझ्या डोक्यात कधी आलं होतं? माझ्या तर नाही.

बाकी घरचं सगळं ठीक. पावसाने गच्चीतलं गळणं पुन्हा सुरू झालंय, विश्वामित्री नदीचं पाणी यंदा आपल्या बाजूला आलं नाही. तुझ्या आईने भाकरवडी आणि लीलो चिवडा पाठवायला काढून ठेवलाय. तुझ्या ऑफिसात वाटून टाकू नकोस, स्वतः खा.

शेवटच्या पानावर 'पुढील भागात' असं काहीतरी छापलंय. मला वाटलं, कशाला बोला, पण आजीने नेमकं विचारलं आणि मी खोटं बोलू शकलो नाही. डाव्या डोळ्याची तारीख डॉक्टरांनी याच महिन्यातली दिली होती. आजीने ती स्वतः फोन करून दिवाळीनंतरची करून घेतली. कारण सांगितलं, "नात पुस्तक घेऊन यायची आहे." तेव्हा दुसरा भाग शोध, आणि रजा चार दिवस जास्त टाक. टेबलाशी हात धरून बडबडायला तू बसणार आहेस असं इकडे परस्पर ठरलंय. विनोद फालतूच हवेत, अशी सूचना आहे.

तुझा,
बाबा