रेल्वेमंत्री साहेब, कोलकात्याच्या जुन्या मेट्रोला रात्रीचा ब्लॉक वाढवून द्या

मा. रेल्वेमंत्री साहेब,
नमस्कार.

पहिलेच सांगतो, मी इंजिनियर नाही अन् कोलकात्याचाही नाही. घर भुसावळला, नोकरी जळगावच्या सराफ बाजारात. वडील रेल्वेत की-मन होते, हातोडा अन् पाना घेऊन रोज आपली बीट, म्हणजे नेमून दिलेला रुळाचा तुकडा, पायी चालायचे, कुठं रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की ठोकायची अन् पुढं जायचं, आयुष्यभर हेच. आता भुसावळच्या माणसाला कोलकात्याच्या मेट्रोची काय पडली असं कोणी म्हणेल, तर भो, बाकी शहरांच्या मेट्रो वेगळ्या कंपन्या चालवतात, कोलकात्याची मात्र रेल्वेच चालवते, २०१० पासून तिला वेगळा झोन केलाय, म्हणजे आमच्या भुसावळ डिव्हिजनची चुलत बहीणच झाली ती.

आमच्याकडे सोन्याचं बारीक काम करणारे बरेच कारागीर बंगाली आहेत, त्यातल्या एकासोबत दिवाळीनंतर गीतांजलीनं हावड्याला गेलो. डब्यात भरीत अन् कळण्याच्या भाकरी, त्या नागपूरच्या आतच संपल्या ते सोडा. हावड्याला मेट्रोत बसलो, ही नवी लाइन हुगळीच्या खालून जाते, मार्च २०२४ ला सुरू झाली, नदी पोटाखालून कधी गेली कळलंसुद्धा नाही, प्लॅटफॉर्मला काचेची दारं, सगळं चकाचक. एस्प्लनेडला उतरून जुन्या लाइनवर गेलो तर दारं वगैरे काही नाही, रुळाच्या बाजूला ७५० व्होल्टचा थर्ड रेल, म्हणजे गाडीला वीज देणारा तिसरा रूळ, अन् गाडी यायच्या आधी बोगद्यातून अंगावर येणारा गरम वारा. २४ ऑक्टोबर १९८४ ला इथूनच भवानीपूरपर्यंत देशातली पहिली मेट्रो धावली, अवघी ३.४ किलोमीटर. मी तिथं दोन मिनिटं नुसता उभाच राहिलो, खरं सांगतो, काटा आला अंगावर.

आता मुद्द्यावर येतो. २२ ऑगस्ट २०२५ ला सियालदा ते एस्प्लनेड जोडलं, चांगलंच केलं, पण हावडा अन् सियालदा या दोन्ही स्टेशनांची गर्दी आता एस्प्लनेडला येऊन त्या म्हाताऱ्या लाइनच्याच खांद्यावर बसते ना. अन् त्याच्या महिनाभर आधी, जुलैच्या शेवटी, दक्षिणेकडचं कवी सुभाष स्टेशन खांबांना तडे गेले म्हणून बंद करावं लागलं होतं. गंमत बघा, ते स्टेशन २०१० चं! १९८४ चं एस्प्लनेड चालूय अन् पंधरा वर्षांचं पोरगं आजारी पडलं. गाड्या अलीकडच्या शहीद खुदिरामला संपवायला लागले पण तिथं क्रॉसओव्हर, म्हणजे गाडी एका रुळावरून शेजारच्या रुळावर न्यायचा सांधा, नव्हता, मग रिकामी गाडी पुढं कवी सुभाषपर्यंत नेऊन फिरवून आणायची, त्यात मिनिटं जायची अन् मागच्या सगळ्या गाड्या रखडायच्या. वडिलांना हे सांगितलं तर म्हणे, गाडी फिरवायची जागाच गेली तर टाइमटेबलचं काय लोणचं घालता?

सिग्नलचं पण तेच. जुन्या पद्धतीत फक्त एवढंच कळतं की अमुक तुकड्यात गाडी आहे, म्हणून तो अख्खा तुकडा मोकळा होईपर्यंत मागच्या गाडीनं थांबायचं. नव्या लाइनवर गाडी रेडिओवरून आपली जागा सारखी सांगत राहते, त्यामुळं गाड्या जवळजवळ सोडता येतात. जुन्या लाइनलाही ही सिस्टीम द्यायचं ठरलंय, स्टीलचा थर्ड रेल काढून अॅल्युमिनियमचा टाकणं पण सुरूय, त्यानं वीज कमी वाया जाते. सगळं बरोबर आहे, पण हे काम होणार कधी? शेवटची गाडी गेल्यावर अन् पहिली सुटायच्या आत, त्यातले जे चार-दोन तास हाती येतात तेवढ्यातच.

न्यूयॉर्कनं तर तेवढेही ठेवले नाहीत, तिथला सबवे, म्हणजे तिथली मेट्रो, १९०४ चा अन् रात्रंदिवस चालतो, सिग्नल कित्येक ठिकाणी १९३० च्या काळातले, शेवटी २०१७ ला गव्हर्नरला त्या सबवेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. आपण तिथपर्यंत कशाला जायचं?

म्हणून मागणी एकच, ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवून काम करायचा वेळ, वाढवून द्या. मुंबईला रविवारी मेगाब्लॉक असतो, लोक शिव्या घालतात पण आदल्या दिवशी पेपरात वाचून त्या हिशोबानं निघतात. कोलकात्यालाही आधी सांगून, महिनाभराचं वेळापत्रक लावून घ्या ब्लॉक. अन् थर्ड रेल किती किलोमीटर बदलला, किती राहिला, याचा बोर्ड प्रत्येक स्टेशनवर लावा, तिकीट काढणाऱ्याला दिसेल असा. फीत कापायला सगळे येतात साहेब, चावी ठोकायला कोणी येत नाही.

पत्र वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणे बाकी राहू दे, एवढं विचार, रात्री करंट बंद केल्यावर त्या बोगद्यातल्या की-मनला चालायला नेमका किती वेळ भेटतो? आमचा पत्ता सोबतच्या पाकिटावर आहे, उत्तर त्यांच्या नावानं पाठवलं तरी चालेल.

आपला,
भुसावळचा एक रेल्वेवाल्याचा पोरगा