कोर्टातल्या ताई आणि स्कूटरवाले दादा, तुमचे आभार

कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांच्या, सुटकेसाठी मी बरीच वर्षं काम करतो. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. कधी ऐपतदार जामीनदार मिळत नाही, कधी कागदावरचं एक अक्षर आडवं येतं. जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, ते यामुळेच.

गेल्या शुक्रवारी एका मुलाच्या सुटकेच्या आदेशात वडिलांचं नाव चुकलं. असा कागद तुरुंगातून परत येतो, आणि पुढे दोन दिवस कोर्ट बंद. मुलाची आई परभणीहून येऊन व्हरांड्यात बसली होती.

ताई, तुम्ही नुकताच डबा उघडला होता. तो तसाच झाकलात, फाईल शोधलीत, साहेब चेंबरमधून निघण्याआधी दुरुस्तीवर सही घेतलीत. आणि परत येऊन त्याच डब्यातली भाकरी त्या माउलीच्या हातात ठेवलीत. "आधी खा, मुलगा सुटतोय," म्हणालात. सकाळपासून तिच्याशी इतकं साधं कुणी बोललं नव्हतं.

दादा, तुम्ही तर तुमच्याच तारखेला आलेले. तरी मला मागे बसवून, जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायची तुरुंगाची पेटी, उघडायच्या आत तुरुंगाच्या दारात पोचवलंत. पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

मुलगा त्याच रात्री आईबरोबर गावी गेला. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.