ब्यान, म्ना, बन

प्रिय मकरंद,

डब्लिनमधल्या स्वच्छतागृहांच्या पाट्यांचं कोडं सोडवतो. एम-एन-ए असं लिहिलेल्या दारातून तू जायचं नाहीस. तो आयरिश भाषेतला शब्द 'म्ना', म्हणजे बायका. पुरुषांच्या दारावर एफ-आय-आर, 'फिर'. इंग्रजीच्या सवयीने एम म्हणजे मेन आणि एफ म्हणजे फीमेल समजून नवखे लोक नेमके उलटे शिरतात.

म्ना हे अनेकवचन. एकवचन बी-ई-ए-एन, उच्चार साधारण 'ब्यान'. त्यातली ई स्वतः वाजत नाही. अलीकडचा ब तालव्य करायचा, एवढंच ती सांगते. ब्यानचं म्ना कसं झालं हे तुला संस्कृतच्या वाटेने चटकन कळेल. राजन् ची षष्ठी राज्ञः होते, मधला स्वर गळतो. तसंच मूळ इंडो-युरोपीय 'ग्वेन' षष्ठीत 'ग्वना' झाला (म्ना हे षष्ठीचं एकवचनही आहे). आयरिश ज्यांत मोडते त्या केल्टिक भाषांत या ग्वचा ब होतो (आपली गो, त्यांची 'बो'), म्हणून 'बेन' आणि 'ब्ना'. पुढे न आला की ब अनुनासिक होऊन म झाला. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो ना, अगदी तसं. वेदातली 'ग्ना' म्हणजे देवपत्नी आणि 'जनि' याच कुळातल्या. फारसी 'झन'सुद्धा, आणि त्यावरून मराठीत आलेला जनानखानाही! इतक्या लांबच्या बेटावरचा शब्द असा घरचा निघतो, याचं मला फार अप्रूप आहे. कॉनॉट आणि अल्स्टर या आयर्लंडच्या प्रांतांत मात्र 'म्रा' ऐकू येईल. ती चूक नव्हे, तिथला उच्चार आहे.

आता व्याकरण. मराठी नाम शेवटी बदलतं, आयरिश नाम सुरुवातीलाही बदलतं. ब्यान शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'ती बाई' म्हणताना 'अन व्यान' ('अन' आणि पुढे येणारा 'न' म्हणजे इंग्रजीतलं 'द'): बीनंतर एच लिहितात आणि ब मऊ होऊन व होतो. 'त्या बाईची हॅट' म्हणजे 'हाता न म्ना'. 'त्या बायकांच्या हॅट' म्हणजे 'हाती न मन'. इथे मूळ रूप षष्ठीचं अनेकवचन 'बन', पण बीच्या आधी एम लिहितात आणि वाजतो फक्त म. डब्लिनमध्ये 1914 साली स्थापन झालेल्या प्रजासत्ताकवादी स्त्रियांच्या संघटनेचं नाव 'कुमन न मन'. त्यात एम लहान आणि बी मोठ्या लिपीत असतो, म्हणजे मूळ शब्द कुठून सुरू होतो ते दिसतं. शब्दकोशात बीखालीच शोध, एमखाली सापडणार नाही.

शिकणारे हमखास अडतात ते 'न म्ना'पाशी, कारण त्याचा अर्थ 'त्या बायका' आणि 'त्या बाईचा' असा दोन्ही होतो. विशेषण असलं तर तेच सोडवतं: मोठ्या बायका 'न म्ना मोरा', मोठ्या बाईचा 'न म्ना मोर्ये'. माणसं मोजताना षष्ठीचं अनेकवचन घ्यायचं. दोन बायका 'बेर्त वन', तीन 'त्रूर बन'. दोनाला ब मऊ होतो, तिनाला नाही. इथे घाई केलीस की चुकशील.

इंग्रजीतली बॅन्शी म्हणजे हीच 'ब्यान शी', परींच्या टेकाडातली बाई. तिचा आक्रोश घरातला मृत्यू आधीच सांगतो अशी समजूत. राणी 'बनरीन', त्यातला रीन आपल्या राज्ञीचा सगोत्र.

आणि एक. मुलीसाठीचा शब्द 'कालीन' व्याकरणाने पुल्लिंगी आहे, म्हणून 'अन'नंतर त्याचा क मऊ करू नकोस. सर्वनाम मात्र 'ती'चंच वापर.

तुझा,
श्रीरंग