राजधर्म ३१३ मध्ये नव्हे, ३८० मध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत धर्म आणि राज्यसत्ता यांच्या नात्यावर आलेल्या लेखात आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा दाखला दिला होता. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म केला, ३२५ मध्ये निकीयाच्या परिषदेत बायबलमधली पुस्तके ठरवून घेतली आणि तिथून एका साध्या, सोशिक धर्माची घडी विस्कटली, असा त्याचा सारांश. पहिली दोन विधाने चूक आहेत. तिसरे निम्मे बरोबर आहे, पण ते ज्या कारणांमुळे बरोबर ठरते ती लेखात कुठेच नाहीत. पत्र थोडे लांबले आहे. काटछाट करावीच लागली तर पैशांचा भाग तेवढा राहू द्यावा.

३१३ मध्ये मिलान येथे कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस यांच्यात जे ठरले, त्याने ख्रिस्ती लोकांना आणि इतर सगळ्यांनाही आपापल्या धर्माची मोकळीक दिली. त्याचा आज हाती असलेला मजकूर १३ जून ३१३ रोजी निकोमीडिया शहरात लावलेल्या पत्राचा आहे. त्यात मालमत्तेची चर्चा बरीच आहे. ३०३ पासूनच्या छळात जप्त झालेल्या उपासनेच्या जागा मंडळींना (ठिकठिकाणच्या ख्रिस्ती संघटनांना) विनामोबदला परत कराव्यात, मधल्या काळात कोणी त्या विकत घेतल्या असतील तर त्याने भरपाई सरकारकडे मागावी, मंडळीकडे नाही. राजधर्म हा शब्दही त्यात नाही. तो विषय आला २७ फेब्रुवारी ३८० रोजी, सम्राट थिओडोसियसने थेस्सालोनिकाहून काढलेल्या फर्मानात. मध्ये ६७ वर्षे गेली.

निकीयाला वाद होता तो पुत्र (येशू) हा पित्याशी (देवाशी) एकतत्त्व आहे की नाही, याचा. शिवाय ईस्टरची तारीख, इजिप्तमधली एक फूट आणि शिस्तीचे वीस नियम. पुस्तकांची यादी विषयपत्रिकेवर नव्हतीच. नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची आज आपण ओळखतो तशी यादी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ च्या पत्रात. परिषदेत नवे होते ते वेगळेच. बिशप सरकारी टपालाच्या गाड्याघोड्यांवरून आले, बोलावणे सम्राटाचे होते आणि सही न करणाऱ्या दोन बिशपांना, पुत्र पित्याशी एकतत्त्व नाही असे म्हणणाऱ्या एरियसबरोबर, हद्दपारी मिळाली. धर्ममताच्या चुकीला राज्याने शिक्षा देण्याची ही सुरुवात. पण ते यंत्र एकाच दिशेने चालणारे नव्हते. एरियस काही वर्षांत परत आला आणि निकीयाचा कैवारी अथानासियस चार सम्राटांच्या काळात पाच वेळा हद्दपार झाला. खुद्द कॉन्स्टंटाइनने मृत्यूच्या तोंडावर, ३३७ मध्ये, बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. पुढे त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस याने इतक्या परिषदा भरवल्या की बिशपांच्या जाण्यायेण्याने सरकारी टपालव्यवस्थेचे कंबरडे मोडले, अशी तक्रार अम्मियानस या बिगरख्रिस्ती इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे.

कॉन्स्टंटाइनच्या आधी चर्च म्हणजे घरात गुपचूप जमणारी चार माणसे, ही समजूतही सोडायला हवी. २५१ मध्ये रोमच्या मंडळीत एक बिशप, ४६ प्रेस्बिटर (धर्मगुरू), ७ डीकन (त्यांचे साहाय्यक), ७ उपडीकन, ४२ अकोलाइट (उपासनेतले मदतनीस) आणि भूत उतरवणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण होते. शिवाय दीड हजाराहून अधिक विधवा आणि गरजू यांना मंडळी पोसत होती. हा आकडा तिथल्याच बिशपाच्या पत्रातला आहे. २७२ च्या सुमारास अँटिओकमध्ये पदच्युत बिशप चर्चची इमारत सोडीना, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी दाद मागितली ती सम्राट ऑरेलियनकडे. हा सम्राट ख्रिस्ती नव्हता. इटलीतले आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात त्यांना इमारत द्या, असा निवाडा त्याने दिला. संघटना, पैसा आणि आपसातल्या भांडणात सरकारला मध्ये घेण्याची सवय, तिन्ही आधीपासून होती.

आता पैसे. रोमन शहरांत सधन घराण्यांवर नगरसभेचे पद वंशपरंपरेने येई. पद मानाचे, पण करवसुली त्यांनी करायची, तूट आली तर पदरचे घालायचे, रस्ते, हमामाचे सरपण, खेळ यांचाही भार उचलायचा. गावच्या साऱ्याची जबाबदारी पाटील-कुलकर्ण्यांवर असे, तिचेच हे मोठे रूप. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने आफ्रिकेच्या प्रांताधिकाऱ्याला लिहिले की ख्रिस्ती धर्मगुरूंना या सार्वजनिक कामांतून मोकळे करावे, म्हणजे त्यांच्या उपासनेत खंड पडणार नाही. कार्थेजच्या बिशप सेसिलियानसला त्याने वेगळे पत्र पाठवले. खजिन्याचा अधिकारी ३,००० फोलिस (तेव्हाचे चलन) देईल, सोबतच्या यादीप्रमाणे वाटावेत, कमी पडले तर शाही जमिनींच्या कारभाऱ्याकडून बेलाशक मागावेत.

मेख एका वाक्यात आहे. सवलत होती ती 'सेसिलियानस ज्या चर्चचा प्रमुख आहे' त्या चर्चच्या धर्मगुरूंना. कार्थेजमध्ये त्या वेळी दोन चर्च होती. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले, अशांपैकी एकाच्या हातून सेसिलियानसची बिशपपदाची दीक्षा झाली, म्हणून ती बाद, असे म्हणणारा मोठा गट निराळा बिशप निवडून बसला होता. पुढे त्यांना डोनाटसच्या नावावरून डोनाटिस्ट म्हणू लागले. एरवी हा वाद वर्षानुवर्षे चालला असता आणि कदाचित विरलाही असता. पण खरे चर्च कोणते या प्रश्नाला आता करमाफी आणि रोख रक्कम चिकटली. सांगलीच्या गणपती मंदिरामागे पटवर्धनांचे संस्थान उभे होते, अशा आपल्या भागात देवस्थान इनामाची सनद आणि तिच्यावरून होणारे तंटे फारसे समजावून सांगायला नकोत. १५ एप्रिल ३१३ रोजी प्रांताधिकाऱ्याने सम्राटाला कळवले की सेसिलियानसच्या विरोधकांनी तक्रारीचे सीलबंद पुडके आणून दिले आहे. न्यायाधीश गॉलमधले (आजच्या फ्रान्सकडचे) असावेत, अशी त्यांची मागणी होती, कारण त्या प्रांताला छळाची झळ लागली नव्हती.

सम्राटाने स्वतःहून नाक खुपसले नाही, हे इथे लक्षात घ्यावे. त्याला बोलावणारे त्याच्या हातून सर्वांत जास्त सोसणारेच होते. ऑक्टोबर ३१३ मध्ये रोमला सुनावणी झाली, ऑगस्ट ३१४ मध्ये आर्लला परिषद भरली. सरकारी चौकशीत दीक्षा देणारा बिशप निर्दोष ठरला आणि त्याच्याविरुद्धच्या पत्रातला मजकूर बनावट निघाला. निकाल प्रत्येक वेळी सेसिलियानसच्या बाजूने. मग इमारती ताब्यात घेण्यासाठी बळ वापरले गेले, माणसे मेली, आणि ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने हात टेकून त्यांना देवाच्या न्यायावर सोपवले. पुढे ३४७ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टन्सचे दूत दानाचे पैसे घेऊन आले तेव्हा डोनाटसने विचारले, चर्चशी सम्राटाचा काय संबंध? प्रश्न लाखमोलाचा, पण चौतीस वर्षे उशिरा!

करमाफीचा दुसरा परिणाम अगदी अपेक्षित होता. नगरसभेची धोंड गळ्यातून काढायला श्रीमंत माणसे धर्मगुरूपदाची दीक्षा घेऊ लागली, तसतशी शहरांना कर भरणारी घराणी कमी पडू लागली. मग ३२० च्या दशकात त्याच कॉन्स्टंटाइनने उलटा कायदा केला. एखादा धर्मगुरू मेला तरच त्याच्या जागी दुसरा घ्यावा, नगरसभेच्या घराण्यातला घेऊ नये. श्रीमंतांनी जगाचा भार वाहावा आणि गरिबांना चर्चच्या संपत्तीतून पोसावे, असे त्यात कारण दिले आहे. धर्मगुरू कोणी व्हावे हे आता करखाते ठरवू लागले.

धान्याची गोष्ट याहून बोलकी आहे. विधवा आणि गरीब यांच्यासाठी सरकारी धान्य चर्चमार्फत वाटले जाऊ लागले. पूर्वी मंडळी हे काम स्वतःच्या वर्गणीतून करत असे, तेव्हा बाहेरच्या कोणाला ते थांबवता येत नव्हते. आता कोठाराची किल्ली दरबारात गेली. अथानासियसवर ठेवलेला एक आरोप, त्याने हे धान्य विकून खाल्ले, असा होता, आणि कॉन्स्टँटियसने त्याला हुसकावले तेव्हा इजिप्तमधले धान्य त्याच्या विरोधकांकडे वळवले. जुन्या देवांकडे वळलेल्या ज्युलियन सम्राटाने ३६० च्या दशकात ते साफ बंद केले. पण त्यालाही या कामाची ताकद कळली होती. गलातिया प्रांतातल्या आपल्या पुरोहिताला त्याने दरवर्षी ३०,००० मोदी (रोमन धान्यमाप) गहू मंजूर केला आणि लिहिले, हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात, ही आम्हाला लाजेची गोष्ट आहे.

बाकीचे बदल थोडक्यात. बिशपांना दिवाणी वाद मिटवण्याचा अधिकार मिळाला. ३२१ पासून मृत्युपत्राने चर्चला मालमत्ता देता येऊ लागली. त्याच वर्षी रविवारची सुटी आली, पण कायद्यात तो 'सूर्याचा पूज्य दिवस' आहे आणि शेतकऱ्याला काम करायला मोकळीक आहे. २९५ मध्ये सैन्यात जायला नकार दिला म्हणून आफ्रिकेत मॅक्सिमिलियनचे शीर उडवले गेले. ख्रिस्ती सैनिक तेव्हाही होते, पण अशा नकाराला मान होता. ३१४ च्या आर्ल परिषदेने शांततेच्या काळात शस्त्र टाकणाऱ्याला प्रभुभोजनातून दूर ठेवायचे ठरवले. पद किती मोलाचे झाले होते ते रोममध्ये ३६६ साली दिसले. बिशपाच्या निवडणुकीतल्या दंगलीत एकाच दिवशी एका चर्चमध्ये १३७ प्रेते सापडली. निवडून आला दामासस. नगरप्रमुख प्रेटेक्स्टाटस, जो जुन्या देवांचा भक्त होता, तो दामाससला गमतीने म्हणे, मला रोमचा बिशप करा, मी लगेच ख्रिस्ती होतो.

३८० च्या फर्मानात याच दामाससचे नाव आहे. खरा धर्म कोणता, तर रोमचा दामासस आणि अलेक्झांड्रियाचा पीटर पाळतात तो. इतरांना वेडे आणि पाखंडी म्हटले आहे, आधी देवाच्या कोपाची आणि मग सम्राटाच्या शिक्षेची ताकीद आहे. पाच वर्षांत, ३८५ च्या सुमारास, ट्रियर येथे स्पेनचा बिशप प्रिसिलियन याला सरकारी हुकुमाने ठार केले. आरोप चेटकाचा, फिर्याद बिशपांची. तूरचा मार्टिन आणि मिलानचा अँब्रोज या दोघांनी फिर्यादी बिशपांचा निषेध केला, हेही सांगायला हवे. सगळेच चर्च त्या रांगेत उभे नव्हते.

आफ्रिकेत डोनाटिस्ट अजून होतेच. जून ४११ मध्ये कार्थेजला दोन्हीकडचे प्रत्येकी सुमारे २८० बिशप समोरासमोर आले. अध्यक्षस्थानी सरकारी अधिकारी, लघुलेखक शब्द न् शब्द टिपत होते. निकाल डोनाटिस्टांच्या विरुद्ध गेला. ३० जानेवारी ४१२ चा कायदा म्हणजे दंडाचे दरपत्रकच होते. सर्वोच्च दर्जाच्या मानकऱ्याला ५० पौंड सोने, तिथून दर्जाप्रमाणे उतरत सामान्य माणसाला ५ पौंड सोने. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा. विटा-खानापूरच्या गलाई व्यावसायिकांच्या हिशेबात सांगायचे तर वरच्याला १,४०० तोळे सोने आणि खालच्याला १४० तोळे. कुळांना दंड नव्हता, वारंवार मार होता. आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आधी सक्तीच्या विरोधात होता. दंडाच्या भीतीने शहरेच्या शहरे वळताना पाहून त्याचे मत बदलले आणि 'आत येण्यास भाग पाडा' हे लूकच्या शुभवर्तमानातले वाक्य त्याने कायद्याच्या पाठीशी उभे केले. ते वाक्य मुळात मेजवानीच्या दाखल्यातले आहे.

रोमच्या सीमेपलीकडे काय झाले, हे लेखात नव्हते. भारतीय वाचकाला ते जास्त जवळचे आहे. कॉन्स्टंटाइनने इराणचा राजा शापूर दुसरा याला पत्र लिहून तिथल्या ख्रिस्ती लोकांची शिफारस केली. शत्रूच्या सम्राटाने शिफारस केलेली प्रजा कोणत्या राजाला विश्वासाची वाटेल? ३४० च्या सुमारास तिथे त्यांच्यावर दुप्पट कर आला आणि तो वसूल करायला नकार देणारा बिशप सिमोन मारला गेला. या पूर्वेकडच्या सिरियाक चर्चशी मलबारच्या ख्रिस्ती समाजाचे नाते होते. राजधर्म होणे या शाखेच्या वाट्याला कधी आले नाही.

तेव्हा पुढच्या रविवारच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी: राजधर्माचे वर्ष ३१३ ऐवजी ३८०, त्यापुढचे नाव कॉन्स्टंटाइनऐवजी थिओडोसियस, आणि निकीयाच्या वाक्यातून बायबलची पुस्तके वगळावीत.

आपले,
इतिहास विषयाचे काही अध्यापक
मिरज, जि. सांगली